नाव थोरल्या काकांचं, पैसे बाबांचे, जमीन कुणाची?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहायची वेळ आली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. नाव लिहीत नाही, गावातले चारजण इथं आहेत. आजोबा कूळ म्हणून ४ एकर १२ गुंठे कसायचे. पावसाळ्यात भात, त्याच्या मागनं मसूर. आजोबा १९७१ ला गेले. तीन भाऊ. थोरले काका घरी, बाबा मुंबईत गिरणीत, धाकटे काका मिलिटरीत. १९७४ चा कूळकायदा आला तेव्हा फॉर्म ७, म्हणजे कुळाने जमीन मागायचा अर्ज, थोरल्या काकांनी भरला, एकट्याच्या नावाने, कारण घरी तेच होते. कुळांचे अर्ज बघणाऱ्या ट्रिब्युनलने जमीन त्यांच्या नावावर केली. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

१९८२ च्या संपानंतर बाबा भिवंडीला मागावर लागले. तरी दर महिन्याची मनीऑर्डर चुकली नाही. १९८९ ला आमच्या जमिनीला लागूनच १ एकर ६ गुंठे विकायला निघाले. गिरणीचे जे काही पैसे हातात आले होते ते बाबांनी पाठवले, काकांनी खरेदी केली. तीही काकांच्याच नावाने.

काका २०१६ ला गेले. चुलतभावांनी वारसा वर्दी दिली, उतारा त्यांच्या नावावर झाला. तोवर ठीक होतं, भाताची दोन पोती दरवर्षी यायची. मागच्या वर्षी शेजारी प्लॉटचा लेआउट पडला आणि पोती बंद झाली. विचारलं तर उत्तर आलं, "उताऱ्यावर तुमचं नाव दाखवा की."

एका वकिलांना भेटलो. त्यांनी 'कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट' असा शब्द काढला. चुलतभावाच्या कानावर हे गेलं तर म्हणतो, "ट्रस्ट काढालासा? कुठल्या देवळाची?"

तर हे नेमकं काय असतं? आमच्या प्रकरणात लागतं का? कुणाला अनुभव?

कुंदाप्रेमी

मनीऑर्डरच्या पावत्या आहेत का ते आधी सांगा. बाकी सगळं नंतर.

बांधावरचा

@कुंदाप्रेमी, आहेत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पण बऱ्याच पावत्यांची शाई उडाली आहे आणि ज्यावर रक्कम दिसते त्यावर साल दिसत नाही.

दप्तरवाला

मी महसूल खात्यात गावपातळीवर ३१ वर्षं काढली. सरकारने पदाचं नाव किती वेळा बदललं तरी आपल्या भागात लोक तलाठीच म्हणतात, म्हणून तसंच समजा.

चुलतभावाचं 'उताऱ्यावर नाव दाखवा' हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. उतारा म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठी केलेली ती नोंद आहे. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क, १२ मध्ये कसणारा कोण आणि पीक काय. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ चं कलम १३३ म्हणतं की नोंद खरी धरायची, पण कुठपर्यंत? उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ओझं तुमच्यावर आहे, दार मात्र बंद नाही.

उताऱ्याच्या मागे लागू नका. ट्रिब्युनलची पूर्ण फाईल काढा. नुसता निकाल नको, फॉर्म ७, त्यावरचा जबाब आणि शेवटचा फॉर्म १०, म्हणजे मालकीचा दाखला, हे सगळं. त्या काळात अर्जदाराचा जबाब घ्यायचे. 'जमीन कोण कोण कसतं' हा प्रश्न त्यात असायचाच. थोरल्या भावाने तेव्हा खरं सांगितलेलं असतं, कारण तेव्हा खोटं बोलायला कारण नव्हतं.

काळाकोट

दप्तरवाले काकांना +१. आता कायद्याचं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. मी वकील, बेळगावचं कोर्ट आणि धारवाडचं हायकोर्ट दोन्हीकडे असतो, म्हणून उत्तर तुकड्यातुकड्यांत येईल.

ट्रस्ट म्हटलं की आपल्याकडे देऊळ नाहीतर शाळा डोळ्यांसमोर येते. इथं तसलं काही नाही. कागद नाही, नोंदणी नाही, कुणी 'मी विश्वस्त होतो' असं म्हटलेलंही नाही. नाव एकाचं आहे, पण ते नाव ज्या विश्वासाने लागलं तो मोडून त्याने सगळं गिळू नये म्हणून कायदाच त्याच्या मानेवर विश्वस्ताचं जू ठेवतो. आपल्याकडे हे १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याच्या नवव्या प्रकरणात आहे. त्यातलं कलम ९० तुमच्या कामाचं. सहमालकाने आपल्या जागेचा फायदा घेऊन, बाकीच्यांच्या हक्काला मारक असा काही लाभ मिळवला तर तो त्याने सगळ्यांसाठी धरला पाहिजे. कायद्यातच उदाहरण दिलंय: हयातीपुरता हक्क असलेल्या माणसाने जुना भाडेपट्टा स्वतःच्या एकट्याच्या नावावर नवा करून घेतला, तरी तो जुन्या पट्ट्यात हक्क असलेल्या सगळ्यांचा.

पण तुमच्या दोन जमिनी म्हणजे दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकत्र कालवू नका.

कुळाची ४ एकर १२ गुंठे: इथं ट्रस्ट वगैरे मोठे शब्द लागतच नाहीत. कूळ आजोबा होते. एकत्र कुटुंबाच्या कुळहक्कावर एका भावाने अर्ज केला तर मिळालेला हक्क कुटुंबाचा, असं कोर्टं अनेकदा म्हणत आली आहेत. कूळ कोण हा प्रश्न ट्रिब्युनलचा, दिवाणी कोर्ट त्यात हात घालत नाही. पण तो फायदा एकट्याचा की घराचा, हे वाटणीच्या दाव्यात दिवाणी कोर्टच बघतं. वतनाच्या, म्हणजे पूर्वी गावच्या चाकरीबद्दल घराण्याला दिलेल्या जमिनींतही हाच प्रश्न आला होता. कुंदगोळच्या देशगतीच्या खटल्यात १९८२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वतन गेलं आणि जमीन परत एका नावावर मिळाली म्हणून ती त्या एकट्याची होत नाही, घरात वाटली जाणार.

१९८९ चा तुकडा: इथं खरी लढाई. उरलेलं रात्री लिहितो, पुकारा झाला.

रताळीवाला

वकीलसाहेब सांगालेत ते बरोबर असंल. पण मी माझं सांगतो. आमच्या आज्ज्यानं आणि त्याच्या भावानं तीन गुंठ्याच्या बांधावरनं दावा घातला. तीन गुंठे. त्यात एक विहीर, निम्मी इकडं निम्मी तिकडं. आज्जा मेला, दावा चालू. बा म्हातारा झाला, दावा चालू. मधी विहीर पडली. आता विहिरीत फणसाचं झाड आलंय, ते कुणाचं म्हणून नवीन भांडण.

खाली कोर्ट, वर कोर्ट, मग धारवाड. दर तारखेला दोघं भाऊ एकाच वडापनं जायचे, एकाच हॉटेलात च्या प्यायचे, आणि कोर्टात एकमेकाकडं बघायचे नाहीत. बिल मात्र आज्जाच द्यायचा, थोरला म्हणून. हे बाबा सांगायचा आणि हसायचा. मला हसू येत न्हाई.

पंच बसवा. गावात मिटवा.

कुंदाप्रेमी

@रताळीवाला, फणसात वाटणी कशी करालासा? गरे इकडं, आठळ्या तिकडं? :)

रताळीवाला

आठळ्याबी निम्म्या की ओ.

काळाकोट

रताळीवाले, तुमचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं हसलो आणि मग माझ्याकडच्या चार फायली आठवल्या.

आता १९८९ चा तुकडा. बेनामी व्यवहारबंदी कायदा आला १९८८ ला. म्हणजे तुमची खरेदी त्याच्या नंतरची. त्या कायद्याचं कलम ४ सांगतं की 'नाव त्याचं असलं तरी पैसे माझे होते' असा दावा करता येत नाही. त्याच कायद्याने विश्वस्त कायद्यातली ८१, ८२ आणि ९४ ही कलमंही काढून टाकली. पूर्वी पैसे देणाऱ्याला ८२ चा आधार होता, तो गेला. बिनतयारीचे वकील अजून ८२ दाखवतात आणि तोंडावर पडतात.

दार मात्र पूर्ण लागलेलं नाही. मूळ कायद्यातच दोन फटी होत्या. एक, एकत्र कुटुंबातल्या सहदायकाच्या (जन्मानेच वाटा असलेल्या माणसाच्या) नावावर, कुटुंबाच्या फायद्यासाठी घेतलेली मिळकत. दोन, विश्वासाच्या नात्यात असलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी धरलेली मिळकत. २०१६ च्या दुरुस्तीनंतरही या दोन गोष्टी वेगळ्या शब्दांत राहिल्या आहेत. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेंगळुरूच्या एका घराच्या बाबतीत हेच बघितलं. आई भाडेकरू होती, ती गेल्यावर भाडं एका मुलाच्या नावावर झालं, मग घर विकत मिळालं तेही त्याच्याच नावाने. पैसे घरच्या इतरांनीही घातले होते. कोर्ट म्हणालं, हा मुलगा बाकीच्यांसाठी विश्वासाच्या नात्याने घर धरून होता.

म्हणजे तुम्हाला दोनपैकी एक सिद्ध करायचंय: तुकडा एकत्र कुटुंबाच्या पैशातून आला, किंवा बाबांनी काकांवर विश्वास टाकून पैसे दिले ते जमिनीतल्या हिश्श्यासाठी. नुसतं 'आम्ही एकत्र होतो' म्हणून भागत नाही. एकत्र घरातल्या माणसाने घेतलेली प्रत्येक गोष्ट एकत्रच, असं कोर्ट धरत नाही. घराकडे खरेदीपुरतं उत्पन्न होतं हे आधी तुम्ही दाखवा, मग 'माझं स्वतःचं' हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं.

आणि दावा घालायची मुदत. काकांनी, किंवा चुलतभावांनी, 'तुमचं काही नाही' असं पहिल्यांदा कधी म्हटलं? एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. भाताची दोन पोती मागच्या वर्षापर्यंत येत होती ना? त्या पोत्यांना कमी समजू नका. मनीऑर्डरच्या पावत्यांपेक्षा मला पोती आवडली.

गल्लीतला

पोती कोर्टात कशी दाखल करणार? :)

काळाकोट

पोती नाही, ती घेऊन येणारा टेम्पोवाला साक्षीला.

लेस्टरकर

बांधावरचा, मी मूळची शहापूरची. सध्या लेस्टरमध्ये आहे, मालमत्तेच्या कायद्याचं थोडं शिकले आहे. वकीलसाहेबांनी दिलेलं भाडेपट्ट्याचं उदाहरण वाचून मजा वाटली, कारण त्याची मुळं इकडची आहेत. १७२६ चा कीच विरुद्ध सँडफर्ड. लंडनजवळच्या रॉमफर्ड बाजाराचा पट्टा एका लहान मुलाच्या नावे विश्वस्ताकडे होता. मुदत संपल्यावर मालक म्हणाला, पोराला नवा पट्टा देणार नाही. मग विश्वस्ताने स्वतःसाठी घेतला. त्याने फसवलं असं कुणी म्हटलं नाही. तरीही कोर्टाने सांगितलं, तो पट्टा पोराचाच. जगात एकच माणूस असा आहे की ज्याने तो घ्यायला नको होता, आणि तो म्हणजे विश्वस्त.

दुसरं एक सांगते, तुमच्या गोष्टीच्या जास्त जवळचं. थॉर्नर विरुद्ध मेजर, २००९. सॉमरसेटमधलं शेत. एक माणूस वडिलांच्या चुलतभावाच्या शेतावर जवळजवळ तीस वर्षं बिनपगारी राबला. 'शेत तुला देईन' असं म्हाताऱ्याने सरळ कधीच म्हटलं नाही, दोघेही मितभाषी. एकदा विम्याचा एक कागद हातात देऊन 'माझ्या मरणानंतरच्या कराला' एवढंच म्हणाला. म्हातारा गेला, मृत्युपत्र नव्हतं. वरच्या कोर्टाने शेत त्या राबणाऱ्याला दिलं. बोलणं मोघम होतं हे मान्य, पण ज्याच्याशी बोललं त्याला काय कळलं आणि त्यावर विसंबणं रास्त होतं का, ते बघितलं. कायद्याच्या भाषेत तो ट्रस्ट नव्हे, त्याच्या शेजारचं तत्त्व आहे. पण शेतकऱ्याच्या घरात गोष्टी कशा बोलल्या जातात हे न्यायाधीशांना कळलं, ते मला आवडलं.

काळाकोट

लेस्टरकर ताई, सुंदर. फक्त वाचणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. हे इंग्लंडचं. इथल्या कोर्टात युक्तिवादाला चव म्हणून चालतं, पोट इथल्या कलमांनीच भरायचं.

जावईबापू

विषय जवळचाच आहे म्हणून विचारतो. मी पुण्यात डॉक्टर. २००३ ला खानापूर तालुक्यात दोन एकर घेतली, मेहुण्याच्या नावावर. तेव्हा माझं उत्पन्न कर्नाटकातल्या मर्यादेच्या वर होतं आणि मी शेतकरीही नव्हतो, तिथल्या जमीन सुधारणा कायद्याचं ७९-अ, ७९-ब आडवं आलं. आता २०२० ला ती कलमं गेली. मेहुण्याला म्हटलं, दे माझ्या नावावर करून. तो फोन उचलत नाही. हाच कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट मला लागेल ना?

काळाकोट

डॉक्टरसाहेब, स्पष्ट बोलतो. बांधावरचा यांच्या बाबांनी काकांच्या नावावर घेतली कारण काका घरी होते. तुम्ही मेहुण्याच्या नावावर घेतली कारण कायदा तुम्हाला घेऊ देत नव्हता. ज्या कायद्याला बगल दिली त्याच्याकडेच न्याय मागायला गेलात तर कोर्ट आधी तुमचे हात बघेल. शिवाय तुमचा व्यवहार बेनामीच्या व्याख्येत नीट बसतो, मेहुणा त्या सवलतीच्या यादीत नाही. दावा घालायच्या आधी, आणि इथं अजून लिहायच्या आधी, चांगला वकील गाठा.

रताळीवाला

मेव्हण्याच्या नावावर! डॉक्टर, सूज्ञ मानूस तुमी. बायकोच्या नावावर तरी घ्यायची.

जावईबापू

बायकोनेच सुचवलं होतं मेहुण्याचं नाव.

कुंदाप्रेमी

🙏

माहेरवाशीण

सगळा धागा सलग वाचला. कायदा कळला, विहीर कळली, मेहुणाही कळला. बांधावरचा, एक विचारू? पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, 'तीन भाऊ'. तुमच्या आजोबांना मुली नव्हत्या का?

बांधावरचा

आहेत. दोन आत्या. मोठी आत्या गावापासून सात कोसांवर दिलेली, धाकटी हुक्केरीकडे.

माहेरवाशीण

मग जमीन तिघांची कशी? पाच जणांची म्हणा.

राग नाही. मी हे माहेरी भोगलंय म्हणून लिहिते. माझे वडील गेल्यावर तेराव्याला मला आणि बहिणीला हक्कसोड पत्रावर सह्या करायला बसवलं. समोर दोन साड्या, खण, ओटी. बहिणीने विचारलं, "काय लिहिलंय?" कागद कन्नडमध्ये होता, आम्ही दोघी मराठी शाळेच्या. भाऊ म्हणाला, "काही नाही, तलाठ्याला लागतंय." केली सही. मी हिरव्या काठाची साडी अजून नेसत नाही.

तुमचे चुलतभाऊ तुमच्या बाबांना जे म्हणालेत, तेच तुमच्या बाबांच्या घराने आत्यांना न बोलता म्हटलंय. नाव नाही, म्हणजे हक्क नाही. तुम्हाला उताऱ्यावरचं नाव खोटं वाटतंय ना? मग आत्यांचं नाव नसणं कसं खरं वाटलं?

गल्लीतला

ताई, पण लग्नात हुंडा दिलेला असतो, सोनं दिलेलं असतं. शिवाय आत्या जमिनीत राबल्या नाहीत.

माहेरवाशीण

मुंबईला राहून बांधावरचा यांचे बाबा तरी किती राबले? भातलावणी कोण करतं आपल्या भागात, जरा आठवा. चिखलात वाकलेल्या दहा पाठी असतात त्यातल्या किती पुरुषांच्या?

काळाकोट

गल्लीतला, कायदा माहेरवाशीण ताईंच्या बाजूने आहे. कर्नाटकाने १९९४ लाच मुलींना सहदायक केलं, अविवाहितांना का होईना. मग २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, लग्न झालेल्या मुलीही आल्या. वडील आधी वारले असले तर काय, यावर घोळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला: हक्क जन्माने, वडील २००५ ला जिवंत असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी खरीखुरी वाटणी झालेली असेल तरच ती मोडत नाही, आणि 'तोंडी वाटणी झाली होती' हे सहसा कुणी ऐकून घेत नाही. बांधावरचा यांच्या घरात वाटणीच झालेली नाही.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर वाटणीच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार लागतात. आत्यांना वगळलंत तर समोरचा वकील पहिल्याच फटक्यात तेच बोट ठेवेल. तो चुलतभावांचा कैवारी, पण आत्यांचा कळवळा त्यालाच येईल.

निपाणीकर

अवांतर: कोर्ट फी किती बसते?

काळाकोट

जमीन एकत्र कब्जात आहे असं म्हटलं तर ठरावीक, किरकोळ. कब्ज्यातून घालवलंय म्हटलं तर किमतीवर. म्हणूनच आपल्याकडच्या प्रत्येक दाव्यात भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी जमीन 'एकत्र कब्जात' असते. निकाल लागला की वाटणी झाली असंही समजू नका. आधी हिस्से ठरवणारा हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनाम्यासाठी वेगळा अर्ज, मग सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी महसूल खात्याकडून, मग मोजणी. आत्ताची घाई वेगळी आहे. शेजारी लेआउट पडलाय. तात्पुरती मनाई मागा, नाहीतर दावा चालू असताना प्लॉट विकले जातील. दावा दाखल झाल्यावर घेणारा तुमच्या निकालाला बांधील राहतो हे खरं, पण मग घर बांधून बसलेल्या वीस माणसांशी भांडत बसा.

बांधावरचा

तीन दिवस गप्प होतो. माहेरवाशीण ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून डबा घेऊन आले.

डब्याच्या तळाशी पेपर घातला होता, त्याच्याखाली एक निळं अंतर्देशीय पत्र निघालं. थोरल्या काकांचं, १९८९ चं, शिक्का दिसतोय. त्यातला तुकडा तसाच उतरवतो:

"...शेवटी लागूनचा तुकडा घेतला. कागद माझ्या नावाने केला, तुला रजा मिळाली नसती. तुझे सगळे पोचले. आता आपली जमीन एका बांधाची झाली. तू गणपतीला आलास की हि..."

आणि इथं घडी. घडीवर कागद विरलाय. पुढच्या ओळीवर 'करू' आहे. मधलं गेलं.

कुंदाप्रेमी

हिस्सा करू!

गल्लीतला

किंवा हिशोब करू. तसं असेल तर सगळं उलटलं. हिशोब म्हणजे पैसे उसने घेतले, परत देतो.

काळाकोट

गल्लीतला पहिल्यांदा बरोबर बोलला. 'हिस्से करू' असेल तर जमिनीतला वाटा. 'हिशोब करू' असेल तर समोरचा वकील म्हणेल, हे कर्ज होतं, त्याची मुदत कधीच संपली. एका अक्षरावर एक एकर सहा गुंठे.

पण 'आपली जमीन' आहे की. ते सोडू नका.

निपाणीकर

'आपली' म्हणजे स्वतःचीही होते ना? 'त्याने आपली जमीन विकली' म्हणजे स्वतःची.

लेस्टरकर

तिथं 'त्याने' आहे म्हणून. इथं भाऊ भावाला लिहितोय, 'आता आपली जमीन एका बांधाची झाली'. स्वतःची म्हणायची असती तर 'माझी' लिहिलं असतं, एक ओळ आधी 'माझ्या नावाने' लिहिलंच आहे. त्याच माणसाने, त्याच शाईने, 'माझं नाव' आणि 'आपली जमीन' वेगळं ठेवलंय. अख्खा कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट त्या दोन ओळींत आहे!

काळाकोट

ताई, हा युक्तिवाद मी चोरणार. बांधावरचा, एक खबरदारी. पत्र मराठी, उतारे कन्नड, वर धारवाडला गेलात तर सगळं इंग्रजीत. भाषांतर करणाऱ्याने 'आपली'चं चुकून 'माझी' केलं तर वरच्या कोर्टात कुणी मूळ पत्र उघडून बघणार नाही. भाषांतर स्वतः वाचून घ्या. आणि पत्राला चिकटपट्टी लावू नका.

बांधावरचा

चिकटपट्टी बाबांनी कालच लावली.

दप्तरवाला

लावली ती लावली, काढू नका आता. ट्रिब्युनलची फाईल मिळाली का?

बांधावरचा

मिळाली, काका. चार चकरा झाल्या. जबाबाचं एक पान आहे, कन्नडमधलं, हाताने लिहिलेलं. मला कन्नड बोलता येतं, असलं गिरगिटलेलं वाचता येत नाही. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

दप्तरवाला

बघितला. तिसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याने लिहिलंय ते देवनागरीत देतो: 'नम्मदु अविभक्त कुटुंब'. आमचं कुटुंब अविभक्त आहे. शब्द दोन्हीकडे सारखाच, भाषांतराची भानगड नाही. पुढे तीन भावांची नावं आहेत, 'एकत्र कसतो' असं आहे. खाली तुमच्या काकांचा अंगठा नाही, सही आहे, मराठीत.

कुळाच्या जमिनीचं तुमचं काम यानेच पुष्कळ झालं. आत्यांची नावं मात्र जबाबात नाहीत. तेव्हा कुणी विचारायचंच नाही. मीही नंतरच्या वर्षांत शेकडो वारसा वर्द्या घेतल्या, मुली किती हे विचारलं पण 'त्यांचं काही म्हणणं नाही' हे त्यांच्या भावाकडूनच ऐकून लिहिलं. खरं ते लिहितोय.

रताळीवाला

आता तरी पंच बसवा. कागद हातात हाय, चुलतभाऊ वाकंल.

बांधावरचा

बसवायचं ठरतंय, दिवाळीनंतर. त्याआधी मनाईचा अर्ज घालून ठेवतोय, वकीलसाहेबांचं ऐकून.

काल मोठ्या आत्याकडे गेलो होतो. ८१ वर्षांची आहे. १९८९ चं विचारलं. तिला सगळं आठवतं. धाकटीच्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती, काकांनी सोप्यावर बसून पैसे मोजले, दहा दहाच्या गड्ड्या, आणि तिला म्हणाले, "गिरणीचे हाईत, त्याचे." दिवा धरायला तीच होती, वीज गेली होती म्हणून. मी म्हटलं, आत्या, हे कोर्टात सांगशील का?

ती म्हणाली, "साक्षीला बोलवालास, की वाटणीला?"

माहेरवाशीण

मग काय उत्तर दिलंत?

बांधावरचा

अजून काही नाही. चहा घेतला आणि आलो.